शक्तिमानातून लंकादर्शन

परदेशात राहण्याचा सराव आम्हा आदिलाबादच्या मराठी माणसांना पाळण्यातच होतो. त्यासाठी कुठे जावं लागत नाही. आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले, वडील विलीन झालेल्या हैदराबाद राज्यात शाळेला गेले, मी आंध्र प्रदेशातून फौजेत भरती झालो आणि आता पेन्शन तेलंगणात खातो. घर मात्र तेच, बेल्याजवळचं, पैनगंगेच्या अलीकडचं, मधल्या खोलीत गळणारं. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा आमच्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे गेले आणि आम्ही राहिलो. आजी सांगायची, एक साहेब नदीवर आला, त्याने पलीकडे पाहिलं, अलीकडे पाहिलं, चहा प्याला आणि गेला. नंतर कळलं की आपण आंध्रात आहोत.

तेव्हापासून नागपूरला गेलं की आम्ही ‘आंध्रावाले’ आणि हैदराबादेत गेलं की ‘महाराष्ट्रावाले’. रेशनकार्ड तेलुगूत, हरिपाठ मराठीत, भांडण दखनीत. त्यामुळे १९८७ च्या श्रावणात सरकारने मला लंकेला पाठवलं तेव्हा बाकी जवानांना जो धक्का बसला तो मला बसला नाही. पाटी वाचता येत नाही, समोरचा काय बोलतोय कळत नाही आणि तो आपल्याला भलत्याच मुलखाचा समजतो, हे सगळं मी तरुणपणीच एका सरकारी कचेरीत उत्पन्नाचा दाखला काढताना भोगून बसलो होतो.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेत असताना तिथल्याच एका नौसैनिकाने आपल्या पंतप्रधानांवर बंदुकीचा दस्ता हाणला. पाहुण्याचं असं स्वागत होत असेल तर पुढच्या पंगतीचा अंदाज यायला हरकत नव्हती, पण फौजेत अंदाज वरचे लोक करतात. सिकंदराबादच्या ५४ व्या पायदळ डिव्हिजनला हुकूम आला आणि शांतिसेना निघाली. मी सप्लाय कोअरचा ड्रायव्हर. लढणारे पुढे, आटा-डाळ मागे, आणि आटा-डाळीच्या पुढच्या सीटवर मी.

पायदळ विमानाने गेलं. आमच्या गाड्या मद्रासहून जहाजाने जायच्या होत्या. माझी गाडी म्हणजे जबलपूरची शक्तिमान. नाव शक्तिमान असलं तरी चढावर ती स्वतःशीच पुटपुटायची. तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली पैनगंगा. जहाजाच्या पोटात गाड्या साखळदंडांनी बांधल्या आणि मी खलाशाला विचारलं, ‘‘गाडी गिअर में रखूँ या न्यूट्रल में?’’ तो केरळचा होता. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘गाडी कुठेही ठेव, तू मात्र त्या बादलीजवळ थांब.’’ हे तो मल्याळी वळणाच्या हिंदीत म्हणाला, पण अर्थ तासाभरात पोटातून वर आला. सबंध रात्र मी आणि पंजाबचा एक सहा फुटी ड्रायव्हर एकाच बादलीवर राष्ट्रीय एकात्मता साधत होतो.

निघताना घरी पत्र टाकलं होतं. उत्तर ५६ एपीओच्या पत्त्यावर, फिरत फिरत, पुष्कळ उशिरा आलं. आमच्याकडे पत्र एकाचं नसतं, गल्लीचं असतं. माय सांगायची, बाप सांगायचा, येणारा-जाणारा सांगायचा आणि सातवीतला पुतण्या लिहायचा. मायने लिहवलं होतं: ‘‘बाबू, लंकेले गेलाच आहेस त अशोकवन पाहून येजो. सीतामाय ज्या झाडाखाली बसली होती त्याचं पान भेटलं त आण. अन् रात्री बाहीर फिरू नोको, राक्षस असतात.’’ त्याखाली वडिलांचा मजकूर. ते मर्फीच्या रेडिओवर आयुष्यभर सिलोन ऐकत आलेले. बिनाका गीतमाला म्हणजे त्यांची बुधवारची आरती. आठ वाजता आमच्या ओसरीवर कोणी खोकलंही चालत नसे. त्यांनी लिहवलं: ‘‘रेडिओ सिलोनवर जाऊन अमीन सायानी साहेबांना माझा नमस्कार सांगणे. बेल्याकडे आवाज साफ येतो, फक्त पावसाळ्यात खरखर आहे, तेवढं पाहावं म्हणावं.’’

सगळ्यात शेवटी माझ्या गोंड दोस्ताचा निरोप. आम्ही दोघं एका शाळेत, एका बाकावर, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. तो स्वतःला रावणवंशी म्हणवणाऱ्यांपैकी. त्याने पुतण्याला तीनच वाक्यं सांगितली होती: ‘‘तू आमच्या राजाच्या गावाले चालला. जपून राय. तिथल्या मानसायले राक्षस म्हणू नोको.’’

एकाच इनलँडवर मायचा राक्षस वर आणि दोस्ताचा राजा खाली. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं याचा निकाल आमच्या अख्ख्या तालुक्यात आजवर लागलेला नाही, तो मी तिथे काय लावणार!

आमच्या तुकडीवर सुभेदार साहेब होते ते साताऱ्याकडचे. मिशा भरघोस, मन मोकळं, भूगोल मात्र त्यांचा स्वतःचा होता. कृष्णेच्या दक्षिणेला जे काही आहे ते सगळं मद्रास, असं त्यांचं मत. माझं मराठी त्यांना मराठी वाटायचं नाही. ‘‘आरं, तू ‘मले’, ‘तुले’ काय म्हंतोस? सरळ बोल की!’’ आणि माझ्या कागदावर ‘आंध्र प्रदेश’ दिसल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

‘‘तू आंध्राचा न्हवं? मग हितलं मद्राशी तुला येत आसंलच की.’’

‘‘साहेब, आमच्याकडं तेलुगू. इथं तमिळ.’’

‘‘त्येच त्ये. खालच्या अंगाला सगळं एकच. आजपास्नं तू दुभाष्या.’’

फौजेत हुकूम झाला की भाषा आपोआप येते असं धरून चालायचं. तेलुगूदेखील मला बाजारापुरतीच येत होती. कापसाचा भाव, बसची वेळ आणि दोन शिव्या. त्या भांडवलावर मी जाफना द्वीपकल्पाचा अधिकृत दुभाष्या झालो.

पहिल्याच आठवड्यात पलालीहून जाफन्याकडे जाताना शक्तिमान तापली. बॉनेट उघडलं तर रेडिएटर कढईसारखं खदखदत होतं. आजूबाजूला एकही नदी-नाला नाही. जाफन्यात बारमाही नदीच नाही, सगळा भरवसा विहिरींवर. लाल माती, चुनखडीचा दगड आणि जिकडे बघावं तिकडे ताड. ताडाच्या झावळ्यांचं कुंपण असलेलं एक घर दिसलं. पडवीत कापडाखाली झाकलेली एक मॉरिस मायनर. सुभेदार साहेब गाडीपाशी थांबले आणि मला म्हणाले, ‘‘जा दुभाष्या, पाणी माग.’’

फाटक उघडून आत गेलो. आरामखुर्चीत एक म्हातारे गृहस्थ, पांढरी वेष्टी, जाड चष्मा, मांडीवर वर्तमानपत्र. मी माझी सगळी तेलुगू एकवटली आणि बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडलो, ‘‘अय्या! नीळ्ळु! नीळ्ळु!’’ त्यांनी चष्मा वर केला आणि शांतपणे, न अडखळता, लांबलचक काहीतरी बोलले. मला वाटलं, ही तमिळ. मग त्यात ‘वॉटर’ ऐकू आलं, ‘रेडिएटर’ ऐकू आलं आणि उजेड पडला की म्हातारबाबा इंग्रजी बोलतायत. आमच्या शाळेत इंग्रजी ज्या चालीवर म्हणायला शिकवलं होतं त्या चालीत ते नव्हतं, म्हणून ओळखू आलं नाही. जाफन्यात अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२३ मध्येच वट्टुकोट्टईला उच्च शिक्षणाची संस्था काढली होती. त्या वर्षी आमच्या बेल्यात काय होतं याचा विचार न केलेला बरा.

बाहेरून सुभेदार साहेबांनी हाक दिली, ‘‘काय म्हंत्यात रं?’’

‘‘पाणी देतो म्हणतात, साहेब!’’

‘‘बघ! म्हनलं न्हवतं, येतंय तुला!’’

ती माझी दुभाष्याची परीक्षा. पहिल्या वर्गात पास.

म्हातारबाबांनी गड्याकरवी विहिरीचं पाणी दिलं, आणि वर चहा. बिनदुधाचा, कोरा. साखर नाही. शेजारी ताडाच्या पानाची विणलेली इवलीशी डबी, आत ताडगुळाचा काळा खडा. कसं प्यायचं ते मला कळेना. त्यांनी स्वतःच्या डाव्या तळहातावर गुळाचा तुकडा ठेवला, एक चावा घेतला आणि त्यावर चहाचा घोट. मीही तसंच केलं. गूळ किंचित खारट, किंचित धुरकट. आमच्याकडेही ताड आहेत, पण त्यांच्यापासून आम्ही जे काढतो ते डबीत भरून पाहुण्याला देण्यासारखं नसतं आणि प्यायल्यावर पाहुणा घरीही जात नाही.

मग त्यांनी गाव विचारलं. ‘आदिलाबाद’ म्हटलं तर मान हलवली, नाही माहीत. ‘तेलंगण’ म्हटलं, नाही. शेवटी ‘हैदराबाद’ म्हटलं आणि म्हातारबाबा खुर्चीत ताठ बसले. ‘‘निझाम!’’ जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून त्याचं चित्र १९३७ साली अमेरिकेच्या ‘टाइम’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं होतं, ते त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं. निजामाच्या राज्यातल्या सगळ्यात मागच्या जिल्ह्यातल्या सगळ्यात शेवटच्या गावचा मी, आणि पोटऱ्यांवर ऑइलचे डाग; पण त्या पडवीत मी हिऱ्यामोत्यांच्या देशाहून आलेला होतो. मी खुलासा केला नाही. तेवढं इंग्रजी येत नव्हतं, हे एक कारण.

सुरुवातीचे ते दिवस असेच. लोक हार घालायचे, पोरं गाडीमागे धावायची. ऑक्टोबरात सगळं फिरलं. ज्या तमिळ बंडखोरांची हत्यारं खाली ठेवून घ्यायला गेलो होतो त्यांच्याशीच लढाई जुंपली. ऑपरेशन पवन म्हणतात ते हेच. त्यातल्या पुष्कळ गोष्टी विनोदी लेखात बसत नाहीत आणि मी त्या बसवणारही नाही. अकराशेहून जास्त जवान तिथून परत आले नाहीत. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन महार रेजिमेंटच्या ८ व्या पलटणीत होते. २५ नोव्हेंबरला ते पडले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्या पलटणीच्या पोरांना मी आटा पोहोचवलेला आहे, एवढंच म्हणतो. म्हातारबाबांच्या घरावरून पुढे पुष्कळदा गेलो. फाटकाला कुलूप असायचं. मॉरिस मायनरही दिसली नाही.

रस्त्यांत सुरुंग पेरलेले. त्यावर आम्हा ड्रायव्हरांचा उपाय म्हणजे पायाखाली आणि सीटखाली वाळूची पोती. मी इतकी पोती भरली की माझं डोकं केबिनच्या टपाला लागायला लागलं आणि आरशात रस्त्याऐवजी माझीच टोपी दिसायची. सुभेदार साहेब शेजारी बसायचे. त्यांच्या मते पोती भरणं ठीक, पण खरा उपाय जप. ‘‘तुमच्याकडं कुठला देव?’’ ‘‘माहूरची रेणुका, साहेब.’’ ‘‘आरं, माहूर तर म्हाराष्ट्रात!’’ ‘‘देवी तिकडं, भक्त इकडं, साहेब. १९५६ पासून.’’ ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘लई अवघड जिल्हा हाय तुमचा.’’

पुढे आमची बदली पूर्वेला, त्रिंकोमालीला झाली. तिथे बंदर, तिथे बाजार, आणि जरा हवा खाण्याजोगी. इथे पहिल्यांदा मायच्या यादीकडे लक्ष गेलं. चौकशी केली तर कळलं, अशोकवन म्हणतात ती जागा पार नुवारा एलियाच्या डोंगरात, थंड हवेच्या ठिकाणी, चहाच्या मळ्यांत. शांतिसेनेची हद्द उत्तर आणि पूर्व. म्हणजे सीतामाय आमच्या हद्दीबाहेर. रावण मात्र हद्दीत होता. समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचं शिवमंदिर, आणि शेजारी त्या कड्याला उभी चीर: रावणाने तलवार हाणली ती खूण. तिथून थोड्या अंतरावर कन्निया नावाच्या जागी गरम पाण्याच्या सात विहिरी. आईच्या उत्तरक्रियेसाठी पाणी हवं म्हणून रावणाने ते काढलं, असं तिथले लोक सांगतात.

सातही विहिरी लहान, चौकोनी, शेजारी शेजारी. प्रत्येकीचं पाणी वेगळ्या कढणीचं. लोक बादली सोडतात आणि डोक्यावर ओततात. सुभेदार साहेबांनी सगळ्यात गरम विहिरीची बादली आधी घेतली, कारण हुद्द्याप्रमाणे तीच त्यांची. ते जे ओरडले ते मराठीत होतं आणि ते मला दुभाष्या न होता समजलं. मी आपला मधल्या विहिरीवर. डोक्यावरून पाणी आलं आणि मी म्हटलं, अरे, हे तर आपलं उनकेश्वर!

उनकेश्वर म्हणजे किनवट तालुक्यात, पैनगंगेकाठी. आमच्याकडच्या कुठल्याही घरात कोणाला खरूज-नायटा झाला की पहिली बैलगाडी उनकेश्वरला. तिथली गोष्ट अशी की शरभंग ऋषींना कुष्ठ झालं, रामाने बाण मारला आणि त्यांच्यासाठी गरम पाणी वर काढलं. म्हणजे किनवटला गरम पाण्याची सोय रामाने केली, त्रिंकोमालीला रावणाने. एकाने ऋषीसाठी, एकाने आईसाठी. इतर बाबतीत दोघांचं जमलं नसेल, पण गरम पाण्याच्या खात्यात दोघांचं काम तोडीस तोड आहे आणि मी दोन्हीकडे अंघोळ केलेला माणूस असल्याने मला हे बोलायचा हक्क आहे. हे सगळं मी दोस्ताला पत्रात लिहिलं. त्याने उलट टपाली विचारलं, ‘‘राजाचं पानी जादा गरम होतं ना?’’

मी सुभेदार साहेबांचा दाखला दिला. तो खूश झाला.

वडिलांचं प्रकरण जास्त नाजूक होतं. कोलंबो मी पाहिलंच नाही, त्यामुळे रेडिओ स्टेशनचा प्रश्नच नव्हता. पण आमच्याबरोबर सिग्नलचा एक मुंबईकर हवालदार होता, त्याने मला सहज सांगितलं की अमीन सायानी कोलंबोत नसतातच. ते मुंबईत. मुंबईत बसून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करतात, टेपा लंकेला जातात आणि तिथून वाजतात. मी थक्क झालो. म्हणजे मुंबईचा आवाज समुद्र ओलांडून लंकेला जायचा आणि लंकेहून बेल्याला यायचा. मुंबईहून थेट येणं त्याला जमलं नसतं. या द्राविडी प्राणायामाला कारणीभूतही आपलाच माणूस. १९५२ च्या सुमारास नभोवाणी मंत्री होते बा. वि. केसकर, मराठी. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची, म्हणून आकाशवाणीवरून ती हद्दपार झाली आणि सिलोनवाल्यांनी ती आनंदाने उचलली. त्याच वर्षी गीतमाला सुरू झाली. एका मराठी मंत्र्याच्या सोवळ्यामुळे माझ्या वडिलांनी आयुष्यभर परदेशी स्टेशन ऐकलं.

हे त्यांना कळवायचं की नाही? मी खूप विचार केला आणि लिहिलं, ‘‘सायानी साहेब सध्या मुंबईला गेले आहेत.’’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. वडिलांनी गावभर सांगितलं की मुलगा भेटायला गेला होता, साहेब टूरवर होते.

लंकेचा रुपया तेव्हा आपल्या रुपयाच्या निम्म्याहूनही कमी किमतीचा होता. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा मी श्रीमंत परदेशी होतो. त्यांनी बाजारपेठ १९७७ सालीच उघडलेली, त्यामुळे त्रिंकोमालीच्या दुकानात जपानी माल मांडलेला असायचा. घड्याळं, कॅल्क्युलेटर, टू-इन-वन. आपल्याकडे तेव्हा जपानी घड्याळ हातात असलं की लोक आधी वेळ नाही, ‘कुठून आणलं’ ते विचारायचे. मी पैसे साठवून पॅनासॉनिकचा एक टू-इन-वन घेतला, ब्लँकेटात गुंडाळला, काळ्या ट्रंकेत शर्टांच्या मधे निजवला आणि परतीच्या जहाजात रात्रभर त्या ट्रंकेवर बसून राहिलो. या खेपेला बादली लागली नाही. काळजीने पोटाला फुरसत नव्हती.

घरी पोहोचलो तेव्हा ओसरीवर अर्धं गाव. वडिलांनी टू-इन-वन मर्फीच्या शेजारी ठेवला, कानाने दोन्ही तपासले आणि म्हणाले, ‘‘आवाज चांगला आहे. पण खरखर नाही, त्यामुळे सिलोन वाटत नाही.’’ मायला अशोकवनाचं पान हवं होतं. मी तिला कोणेश्वराचा अंगारा दिला. ‘‘रावणाच्या देवळातला?’’ तिने संशयाने विचारलं. ‘‘शंकराच्या,’’ मी म्हटलं. मग घेतला.

गावातला पहिला फॉरेन-रिटर्न म्हणून माझा मान काही वर्षं टिकला. लग्नात पुढची खुर्ची, पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण. मग आमच्या भागातली पोरं आखातात जायला लागली. दुबई, मस्कत, कुवेत. ती दोन-दोन वर्षांनी गॉगल लावून, अत्तर मारून यायची आणि माझ्या खुर्चीकडे बघायची. गेल्या दिवाळीत मस्कतहून आलेला शेजारचा एक पोरगा ओसरीवर येऊन बसला.

‘‘काका, तुम्ही फॉरीनले होते म्हणते. पासपोर्ट दाखवा ना.’’

‘‘पासपोर्ट नव्हता.’’

‘‘मंग ते फॉरीन कसं?’’

मी आतून विदेश सेवा मेडल आणलं. फितीवरची ‘श्रीलंका’ लिहिलेली पट्टी दाखवली. त्याने ते हातात तोललं, सोन्याचं नाही हे ओळखलं आणि परत दिलं.

‘‘एजंटाले किती देल्ले?’’

‘‘दमडी नाही.’’

तो जरा सरसावून बसला. ‘‘तिकीट?’’

‘‘सरकारनं.’’

‘‘वापस यायचं?’’

‘‘तेही सरकारनं.’’

‘‘खानं?’’

‘‘लंगर. अन् रम.’’

‘‘पगार महिन्याच्या महिन्याले?’’

‘‘हो.’’

त्याने गॉगल काढला. ‘‘काका, तिथली भरती पुन्हा निंगाली त मले सांगजा.’’

‘‘अबे, रस्त्यात सुरुंग होते तिथं!’’

‘‘ते ठीक आहे. पन पासपोर्ट शेठजवळ ठेवा लागत नोयता ना?’’

‘‘पासपोर्ट नव्हताच म्हणलं ना तुले.’’

‘‘थेच त म्हणून रायलो मी,’’ तो म्हणाला. ‘‘काढून घ्याचा सवालच नाही!’’